कोरी वाटी

"तुझ्या आईनं आणखी एखादं नाव ठरवून ठेवलं होतं का गं, रेवा?"

माईनं हे विचारलं तेव्हा ती बाजेवर बसून बाळाच्या टाळूवर तेल जिरवत होती आणि मी दारात शेगडी घेऊन उभी होते. बाळ सहा दिवसांचं झालं होतं. शेगडीत ओवा आणि बाळंतशोपा टाकून ती बाजेखाली सरकवायची, एवढंच माझं काम. ते उरकून मी लगेच बाहेर पडत असे.

"कशाला?" मी विचारलं.

"हिच्यासाठी. तू रेवती, तो श्रवण. दोन्ही नक्षत्रांची नावं. ही पण त्याच ओळीत बसायला हवी बाई. उद्या तिघं एका शाळेत गेलात, मास्तरांनी नावं पुकारली, तर कुणी विचारायला नको, ही तिसरी कुणाची म्हणून."

"मला काय माहीत," मी म्हणाले आणि शेगडी एवढ्या जोरात सरकवली की राख बाहेर उडाली.

सिन्नरची गोष्ट, एकोणसत्तर सालची. मी बारा वर्षांची होते, श्रवण सहाचा. आई काविळीनं जाऊन तीन वर्षं झाली होती. वर्षभरापूर्वी दादांनी दुसरं लग्न केलं. शकुंतला तिचं नाव, कोपरगावची. एकतीस वर्षांची होईपर्यंत भावाच्या घरी भाकऱ्या थापत राहिली आणि मग दोन पोरांच्या बिजवराला दिली. तिला आई म्हणा असं कुणी आम्हाला सांगितलं नाही आणि आम्ही आपणहून म्हटलं नाही. माई म्हणायचो. श्रवण पंधरा दिवसांत तिच्या पदराला चिकटला. मी नाही चिकटले. मला तिचा राग होता असंही नाही. ती वाईट असती तर फार सोपं झालं असतं. पण ती हळू बोलायची, माझ्या ताटात आधी वाढायची, आणि आईच्या फोटोला रोज न चुकता फूल वाहायची. तिच्या चांगुलपणात बोट ठेवायला कुठं जागाच सापडत नसे, याचाच मला राग यायचा.

नक्षत्रांची नावं आईची. तिचे वडील शाळामास्तर, पंचांग तोंडपाठ असलेले. उन्हाळ्यात गच्चीवर झोपलो की आई बोट करून आम्हाला नक्षत्रं दाखवायची. पुढच्या मुलांची नावंही तिच्या डोक्यात तयार असत. दादा चिडवायचे, "किती पोरं काढायचा विचार आहे? आभाळ रिकामं करतेस की काय?"

दादांचं भांड्यांचं दुकान होतं. लोक भांडं कुठूनही घेत, पण नाव घालून घ्यायला दादांकडं येत. तेव्हा मशीन नव्हतं. मांडीवर भांडं धरायचं आणि छन्नीवर बारीक हातोडीनं ठोके देत ठिपक्याठिपक्यांनी अक्षर उमटवायचं. दादा गिऱ्हाइकाला विचारत, "मजकूर काय?" एवढंच. मग मान खाली. गावातल्या निम्म्या घरांतल्या ताटवाट्यांवर दादांचं अक्षर होतं. आमच्या घरात एक रीत होती. बारशाला आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, की दादा तिथंच पाटावर बसून चांदीच्या वाटीवर ते घालायचे, आणि त्या वाटीतून बाळाला मधाचं बोट लावायचं. माझी वाटी होती, 'चि. रेवती' लिहिलेली. श्रवणची होती. आई गेल्यापासून दादांनी घरात हातोडी आणली नव्हती.

त्याच दिवशी दुपारी मी शाळेतून आले तर आतून दादांचं हसणं ऐकू आलं. मी ओट्यावरच थबकले. दादांचं हसणं मी विसरले होते. मी दाराच्या फटीतून पाहिलं. दादांच्या हातात गुलाबी कागदातून काढलेली नवी चांदीची वाटी होती.

"रेवाची वाटी सोनाराला दाखवून घडवून घेतली. काठ बघ, तस्साच," दादा म्हणत होते.

"नाव कधी घालणार?" माई म्हणाली.

"नाव काय ते सांगशील तेव्हा!"

"सांगत नसतात आधी. पाळण्यापाशीच कळेल." ती हसली आणि दादाही पुन्हा हसले.

माझी वाटी. मला न विचारता सोनाराकडं जाऊन आली होती. आता हसून झालं म्हणे, आता नाव हवं. मी दप्तर तिथंच टाकलं आणि न जेवता मागच्या दारी जाऊन बसले. बारा वर्षांच्या पोरीला एवढंच कळत होतं, की आईची खोली गेली, आईचा पाळणा माळ्यावरून खाली आला, दादा गेले, श्रवण गेला, आणि आता आईनं एकेक निवडून ठेवलेल्या नावांत ही बाई हात घालते आहे.

दुसऱ्या दिवशी शेगडी ठेवून मी बाहेर गेले नाही. उभी राहिले.

"काय गं?" माईनं विचारलं.

"आईनं ठरवलं होतं एक नाव. रात्री आठवलं."

ती बाजेवरून जवळजवळ उठलीच. "सांग ना."

"स्वाती."

तिनं ते तोंडात घोळवून पाहिलं. "रेवती, श्रवण, स्वाती." मग उलटं. "स्वाती, श्रवण, रेवती. किती छान बसतं गं! जणू हिचीच जागा राखून ठेवली होती त्यांनी." तिचे डोळे भरून आले. मला ती रडते हे आवडलं नाही, पण त्या वेळी मागं फिरणंही जमलं नाही.

"दादांना सांगू नका," मी म्हणाले. "आईचं नाव आहे. त्यांना बारशालाच एकदम कळू दे."

"नाही सांगत. कुण्णाला नाही." आणि तिनं आपला तेलकट हात माझ्या गालावरून फिरवला. वर्षभरात मी पहिल्यांदाच तिच्याकडं आपणहून गेले होते ना. मी मोरीत जाऊन गाल राखेनं घासला, तरी ते तेल बोटांना लागतच राहिलं.

मधे चार दिवस होते. खरं सांगून टाकावं असं एकदाही वाटलं नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. एकदा वाटलं. माईनं दादांकडून एकाच ताग्यातलं कापड आणवलं होतं, पिवळं, त्यावर बारीक लाल फुलं. त्यातून माझा फ्रॉक, श्रवणचा सदरा आणि बाळाचं झबलं शिवून आलं. शिंप्याकडचं पुडकं तिनं माझ्या हातानं सोडवलं. "तिघं सारखी दिसाल," ती म्हणाली. ओठांवर आलं होतं माझ्या. पण श्रवण तिथंच सदरा घालून नाचायला लागला आणि तिला म्हणाला, "आई, बघ." माई नाही म्हणाला तो, आई म्हणाला. मी फ्रॉकची घडी घातली.

बाराव्या दिवशी सकाळच्या यष्टीनं निफाडहून गोदूआत्या आली. दादांची मोठी बहीण, भरदार, ठसठशीत कुंकू लावणारी. आमच्या सगळ्यांच्या कानात नावं तिनंच सांगितलेली. आल्या आल्या तिनं घुगऱ्या चाखून मीठ कमी म्हणून सांगितलं, माळ्यावरून काढलेल्या पाळण्याची दोरी ओढून पाहिली आणि माईला म्हणाली, "नाव काय गं? माझ्या तरी कानात सांग."

"पाळण्यापाशी सांगते, वन्सं."

"बघा बाई, मला पण नाही!" आत्या खुशीत होती. दादांचा संसार पुन्हा लागला म्हणून तिनं देवीला खण बोलला होता.

दुपारी बायका जमल्या. पंधरावीस असतील, सगळ्या आळीतल्या. वरवंट्याला कुंची घालून, बाळासारखं नटवून तो आधी पाळण्याखालून वरून फिरवला. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं. मग बाळाला पाळण्यात घातलं. दादा उंबऱ्याच्या अलीकडं पाट मांडून बसले होते. समोर नवी वाटी, छन्नी, हातोडी. त्यांनी केस विंचरले होते. मी खांबाला टेकून उभी होते, अंगात पिवळा फ्रॉक.

आत्याच्या कडेवर अजून तो कुंची घातलेला वरवंटा होता. ती पाळण्यावर वाकत म्हणाली, "सांग आता शकू, काय ठरवलंस?"

माईनं माझ्याकडं पाहिलं. हसली. आपल्या दोघींचं गुपित आता उघडायचं, असं ते हसू होतं. मग ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "यांच्या पहिल्या घरधनिणीनंच ठेवलंय नाव. मी काही ठरवलं नाही. स्वाती."

दादांच्या हातातली छन्नी फरशीवर पडली.

एक बाई "अगं बाई" म्हणाली आणि तिनं तोंडावर पदर घेतला. बाकीच्या एकमेकींकडं बघायला लागल्या. पाळण्याची दोरी धरलेल्या बाईनं दोरी सोडून दिली.

स्वाती माझी बहीण होती. मी चार वर्षांची असताना झाली, अडीच महिन्यांची होऊन गेली. तिला ताप आला होता आणि मला शेजारी नेऊन बसवलं होतं, तिथून मला दादा हातात एक लहानसं पांढरं गाठोडं घेऊन जाताना दिसले होते. त्यानंतर आमच्या घरात ते नाव कुणी घेतलं नाही. मेलेल्या लेकराचं नाव घेऊ नये, ते परतून येतं आणि पाठच्याला नेतं, असं आत्या म्हणायची. श्रवणला मधे एक बहीण झाली होती हेही माहीत नव्हतं. माईला सोयरीक जमवताना सांगितलं होतं, दोन मुलं. तेवढंच. स्वातीची वाटी दादांनी आपल्या ट्रंकेत, धोतरांच्या तळाशी ठेवली होती. मी ती पाहिली होती. 'चि. स्वाती'. मला सगळं माहीत होतं. जिवंत बाळाच्या बारशाला मेलेल्याचं नाव निघालं की काय होईल याचा नीट विचार मी केला नव्हता, पण काहीतरी होईल आणि ते माईचं होईल, एवढा केला होता.

"काय बोलू राहिली तू?" आत्याचा आवाज चिरकला. "कुणी सांगितलं तुला हे नाव?"

माई गोंधळून सगळ्यांचे चेहरे बघत होती. "का? काय झालं?"

"काय झालं! माझ्या भावाचं अडीच महिन्यांचं लेकरू गेलं, त्याचं नाव हे! मी सांगितलं होतं त्याच्या कानात, ह्याच पाळण्यात! तुला कुणी सांगितलं?"

माईचा चेहरा पांढरा पडत गेलेला मी पाहिला. तिला कळलं. मग तिनं हळूहळू मान वळवून माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही. मी खांबाचा टवका नखानं काढत होते. आता सांगणार, मला वाटलं. आता माझं नाव घेणार. खरं सांगते, मला कुठंतरी बरंही वाटलं. सांगू दे एकदाचं.

"कुणी नाही," माई म्हणाली. "माझ्याच मनात आलं."

"मनात आलं? आत्ता तर म्हणालीस पहिलीनं ठेवलंय. सत्तावीस नक्षत्रांतलं नेमकं हेच बरं आलं!"



"माझी ट्रंक उघडलीस," दादा म्हणाले. त्यांनी विचारलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं. पाटावरून ते उठलेही नव्हते. माईनं त्यांच्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. नाही म्हणाली असती तर पुढचा प्रश्न आला असता, मग कुणी. तिनं तो येऊ दिला नाही.

मी बोलले नाही. एक शब्द पुरला असता. खांबाच्या टवक्याचा तुकडा निघाला तेवढा मुठीत धरून उभी राहिले.

आत्या मात्र थांबणारी नव्हती. पाळण्यापाशी नाव निघालं म्हणजे ते बाळाच्या अंगाला लागलं, ते उतरवायलाच पाहिजे. पाठची पोर जगावी म्हणून जुन्या बायका काय करायच्या ते तिला ठाऊक होतं. तिनं कडेवरच्या वरवंट्याची कुंची काढून फेकली, तो दगड पाळण्यात बाळाच्या उशाशी ठेवला आणि वाकून बाळाच्या कानात तीनदा कुर्र केलं. मग मोठ्यानं म्हणाली, "धोंडी! धोंडी नाव हिचं. धोंड्यासारखी टिकू दे. कुणाला न्यावीशी वाटायला नको."

"वन्सं, नको," माई म्हणाली. "धोंडी नको हो. दुसरं काहीही ठेवा. हिच्या भावंडांची नावं..."

"भावंडांचं नाव काढू नको तू!" आत्या म्हणाली.

बायकांनी घुगऱ्या ओटीत घेतल्या आणि खाली माना घालून निघून गेल्या. दादा दुकानात गेले. वाटी पाटावरच राहिली.

त्या दिवशी संध्याकाळी माईनं माझ्या कानाखाली वाजवली असती तर मी सुटले असते. मी वाट बघत होते. ती आली, माझ्यापुढं घुगऱ्यांची ताटली ठेवली आणि म्हणाली, "खाऊन घे. सकाळपासून उपाशी आहेस." मी खाल्ल्या. मीठ खरंच कमी होतं.

त्यानंतर दादा तिच्याशी सहा महिने बोलले नाहीत. पुढं बोलले, पण कामापुरतं. मीठ आण, दार लाव. ते हसणं पुन्हा ऐकू आलं नाही, मी लग्न होऊन जाईपर्यंत तरी नाही. आळीत बोललं जायचं की सवतीच्या मेलेल्या पोरीचं नाव उकरून काढलं बाईनं, मत्सर हो, दुसरं काय. माई नळावर गेली की बायका बोलायच्या थांबत. एकदा एकीनं तिच्यादेखत आपलं तान्हं पदराखाली झाकलं. मी शेजारीच हंडा घेऊन उभी होते.

बारशाला दोनेक महिने झाले असतील. दादा ती वाटी घेऊन मोरीपाशी बसले, आत्याचं पत्र आलं होतं, नाव घाल म्हणून. माईनं त्यांच्या हातातून ती काढून घेतली. "राहू द्या," म्हणाली. दादा उठून गेले. मग ती माझ्याकडं आली. मी गणितं सोडवत होते.

"रेवा, तुझ्या आईनं आणखी एक ठरवलं होतं ना? खरंखुरं?"

मी पुढचं गणित उतरवून घेतलं.

"मी कुणाला सांगणार नाही कुणी सांगितलं ते. नुसतं नाव सांग. शाळेत घालायच्या आधी बदलून टाकू. अजून वेळ आहे."

"मला माहीत नाही."

"बरं. आठवलं तर सांग. वाटी कोरी ठेवते."

मला आठवायची गरजच नव्हती. श्रवण झाला त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात, गच्चीवर, आईनं मला सांगितलं होतं. "आता आणखी एक मुलगी झाली तर विशाखा." मी ते नाव कुणालाही दिलं नाही. त्या वयात वाटलं, ते माझ्याकडं राहिलं म्हणजे आई माझ्याकडं राहिली.

धोंडी शाळेत गेली. दाखल्यावर धोंडूबाई लागलं. मास्तर नावं पुकारायचे, श्रवण वडनेरे, आणि खालच्या वर्गात, धोंडूबाई वडनेरे, आणि पोरं खिदळायची. अधिक महिन्यातली का गं तू, धोंड्याच्या महिन्यातली, असं जो तो विचारायचा. नव्हती ती अधिकातली. पण आमच्या घरात ती अधिकाचीच होऊन राहिली. "ही तिसरी कुणाची?" माईला ज्याची भीती होती ते लोकांनी अगदी त्याच शब्दांत विचारलं. पोर हसरी होती. स्वतःच सांगायची, "यांची नक्षत्रं वर आभाळात, मी खाली दगड!" लोक हसायचे. मीही हसायचे. दर दिवाळीला आमच्या तिघांच्या वाट्या निघायच्या. ती कोऱ्या वाटीतून खीर खायची आणि माई एकदा माझ्याकडं बघायची. विचारायची नाही, नुसती बघायची. दर वर्षी.

धोंडीच्या लग्नात सासरच्यांनी नाव बदललं. मोठ्या जावा सुनीता आणि सुरेखा, म्हणून नवऱ्यानं तांदळात अंगठीनं लिहिलं, सुलभा. कुणी चर्चा केली नाही, कुणी रडलं नाही. परक्या लोकांनी अर्ध्या मिनिटात तिला ओळीत बसवलं. मी अक्षता घेऊन उभी होते. माई पलीकडं तोंड करून डोळे पुसत होती. लेक सासरी चालली म्हणून, असं सगळ्यांना वाटलं.

दादा गेले, आत्या गेली. माई गेली त्याला आता तीन वर्षं झाली. शेवटचे दोन महिने ती धोंडीकडं होती. मी दोनदा भेटून आले. दुसऱ्यांदा ती माझा हात धरून पडून होती. खोलीत कुणी नव्हतं. मी ठरवून गेले होते, नाव सांगायचंच. तिनं डोळे उघडून विचारलं, "चहा घेतलास?" मी हो म्हणाले. मग तिला झोप लागली आणि माझ्या गाडीची वेळ झाली.

तेराव्यानंतर आम्ही सिन्नरच्या घरी तिचं कपाट आवरत होतो, मी आणि धोंडी. चार लुगडी, एक स्वेटर, आईचा फोटो, आणि जुन्या उपरण्यात बांधलेल्या तीन वाट्या. धोंडीनं कोरी वाटी काढून पदरानं पुसली.

"ताई, आई जायच्या आधी म्हणाली, हिच्यावरचं नाव रेवाला ठाऊक आहे, तिला विचार. काय नाव गं?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. चाळीस वर्षं जपलेलं ते नाव जिभेवर आलं तेव्हा किती साधं वाटलं. "विशाखा."

"विशाखा." तिनं एकदा म्हटलं, पुन्हा म्हटलं. "छान होतं की. मग ठेवलं का नाही?"

मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "म्हणजे मला अर्धं माहीत आहे. आत्यानं सांगितलं होतं सगळं. मी चौदा वर्षांची असेन. आईवर फार राग काढला मी त्यावरून. म्हटलं, तू मला मेलेल्या पोरीचं नाव द्यायला निघाली होतीस, म्हणून मी धोंडी झाले. तुझ्यामुळं. महिनाभर बोलले नाही तिच्याशी. ती स्वतःची बाजू मांडेल असं वाटलं होतं. एक अक्षर बोलली नाही." तिनं वाटी उलटी करून तळ पाहिला, जणू तिथं काही लिहिलेलं असेल. "हे एवढं चांगलं नाव असताना तिनं ते दुसरं का निवडलं असेल गं, ताई? वाईट नव्हती ना आपली आई."

आपली आई म्हणाली ती. कपाट उघडं होतं, घरात आम्ही दोघीच होतो. यापेक्षा चांगली वेळ आयुष्यात पुन्हा येणार नाही, हे मला कळत होतं.

"चुकून झालं असेल तिच्याकडून," मी म्हणाले.

धोंडीनं मान हलवली. "मलाही तसंच वाटतं." मग ती वाटी घेऊन दुकानात गेली. श्रवणकडं आता नाव घालायचं मशीन आहे, पाच मिनिटांत होतं. परत आली तेव्हा वाटीवर बारीक, सरळ अक्षरात 'चि. विशाखा' लिहिलेलं होतं. दादांच्या ठिपक्यांसारखं नव्हतं, पण नीट होतं. तिनं तिन्ही वाट्या फळीवर मांडल्या, मधली जराशी पुढं होती ती मागं सरकवली.

"बसली बघ ओळीत," ती म्हणाली. "आईला बरं वाटलं असतं, नाही?"

मी हो म्हणाले.

चौथी वाटी माझ्याकडं आहे. दादांच्या ट्रंकेतून निघाली तेव्हा मीच नेली. ती त्या फळीवर ठेवायला मी घेऊन गेले नव्हते.

हे लिहिताना गोष्टीतली नावं बदलावीत असं मला एकानं सुचवलं. मी बदललेली नाहीत. धोंडी हाताला लागेल ते छापील वाचते, भेळेचा कागदसुद्धा सोडत नाही. कधीतरी हेही तिच्या वाचनात येईल.